लांडग्यांनी नियम वाचलेले नाहीत

आमच्या शहरात पाणी साठवायला टाकी लागते, किस्से साठवायला काहीच लागत नाही. पाच शहाणी माणसं दर रविवारी दुपारी एका टेबलाभोवती बसवायची, मध्ये नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवायचं. बाकी सगळं आपोआप होतं.

खेळ तसा सोपा आहे. आम्ही चौघं चार वीर. पाचवा नितीन, ज्याच्या मुकुंदवाडीतल्या फ्लॅटवर आम्ही जमतो, तो गोष्ट सांगतो आणि सगळे राक्षस चालवतो. कुणी कुणाला किती हाणलं हे फासे टाकून ठरतं. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून बेरजा माझ्याकडे. आमच्यात कुणाला पोरं आहेत, कुणाला बीपी आहे. तरी राक्षसाचा हात पटावरचे दोन चौकोन पुरतो की तीन, यावरून आम्ही पंधरा-पंधरा दिवस अबोला धरलेला आहे.

* * *

राक्षसांच्या परदेशी बाहुल्या आमच्याकडे नाहीत. आमचे राक्षस म्हणजे शेंगदाणे. ज्यानं राक्षस मारला त्यानं तो खायचा, ही आमची रीत.

एकदा गौसभाईंनी बोलता बोलता एक धडधाकट, जिवंत राक्षस तोंडात टाकला. गौसभाईंचं जालना रोडला गॅरेज आहे. त्यांचा हात मोकळा राहूच शकत नाही. नितीन म्हणाला, तो मेलेला नव्हता, त्याच्या जागी दुसरा दाणा ठेवा. गौसभाईंचं म्हणणं असं की राक्षस कसा मारायचा यावर पुस्तकात दहा पानं आहेत, पण चावून गिळलेला राक्षस जिवंत राहतो असं एकाही पानावर नाही.

आम्ही सगळं पुस्तक पाहिलं. खरंच नव्हतं. राक्षस मेला असं सर्वानुमते ठरलं. पुढचे दोन रविवार गौसभाई घरून जेवून आले नाहीत.

* * *

सुमनताई वकील आहेत. जमिनीचे दावे चालवतात. शहर शेंद्र्यापर्यंत पसरलं तसे भावाभावांतले दावेही पसरले, त्यामुळे त्यांना मान वर करायला फुरसत नसते. राक्षसासाठी मात्र त्या वेळ काढतात.

एकदा त्यांच्यासमोर तीन डोक्यांचा साप आला. नितीननं नियम वाचला की डोकी तीन, म्हणून दर वेळी चावे तीन. सुमनताईंनी चष्मा लावला आणि पाऊण तास युक्तिवाद केला. डोकी कितीही असोत, पोट एक आहे, म्हणजे पक्षकार एकच. नितीन शेवटी थकला आणि त्यानं सापाला एकच चावा मंजूर केला.

महिन्याभरानं सुमनताईंनी तसाच एक साप पाळला. पहिल्याच लढाईत त्यांनी त्याच्या नावानं तीनदा फासे टाकले. नितीननं त्यांना त्यांच्याच निकालाची आठवण करून दिली.

"ती केस वेगळी होती," त्या म्हणाल्या. "तो साप तुमचा होता."

* * *

नितीनच्या सोसायटीच्या माहितीपत्रकात चोवीस तास पाणी आणि कारंजं होतं. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी बोअर आटलं. कारंजं आधीपासूनच नव्हतं, त्यामुळे त्याचं फार वाईट वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी ड्रॅगननं आमच्यावर आग ओकायला तोंड उघडलं आणि खाली टँकरचा हॉर्न वाजला. पाचही जण बादल्या घेऊन पळालो. चार मजले चढून-उतरून, ओलेचिंब होऊन परत आलो, तर नितीन म्हणतो, तुम्ही सगळे जिन्यात एका रांगेत होतात, तेव्हा ड्रॅगनच्या एका फुंकरीत सगळे जळालात. स्वतः त्याच रांगेत होता, हे सोडून.

गौसभाईंनी पायपुसण्यावर पाय कोरडे केले. "टँकर आया तो ड्रॅगन भी रुकेंगा," ते म्हणाले. "उसको क्या पानी नको?"

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं: टँकर उभा असेपर्यंत लढाई बंद. त्या अख्ख्या पुस्तकात ज्यावर कधीच भांडण झालं नाही असा हा एकमेव नियम.

* * *

आता भगवानचा किस्सा. आमच्यातला चौथा वीर भगवान शेंद्र्याला कंपनीत ऑपरेटर आहे. घर करमाडच्या पुढं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. त्याच दुष्काळाच्या वर्षी चारा संपला, पाणी संपलं आणि त्याच्या वडिलांनी, आबांनी, सगळा कळप विकला. भगवाननं त्यांना शहरात आपल्या दोन खोल्यांत आणलं. त्या दिवसापासून आबा बोलायचे थांबले. वाढलं तर जेवायचे, विचारलं तर मान हलवायचे. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. भगवानला मात्र धास्ती होती की बाप आता असाच मुका राहणार. एकटं सोडायला नको म्हणून तो त्यांना रविवारी घेऊन यायचा. आबा भिंतीला टेकून आमचा तमाशा बघत बसायचे. दीड महिना झाला होता.

त्या रविवारी आम्हाला खिंडीतून मेंढरांचा कळप न्यायचा होता. मेंढरं म्हणजे फुटाणे, आम्ही वीर म्हणजे शर्टाची बटणं. नितीननं पाच लांडगे समोर ओळीनं उभे केले, कारण नियमाप्रमाणे लांडगा सगळ्यात जवळच्या शत्रूवर चालून जातो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "कुणीतरी लांडगे चालवा," म्हणत तो गॅलरीत गेला.

आबा उठले आणि टेबलाशी आले. त्यांनी दोन लांडगे आमच्यासमोर नाचवत मागं मागं नेले. आम्ही चौघं तलवारी उपसून त्यांच्यामागं धावलो. मग उरलेले तीन त्यांनी डोंगराच्या मागून फिरवले आणि कळपात घातले. तीन मेंढरं गेली. आमच्या एकाही वीराला ओरखडा नाही.

सुमनताईंनी पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवलं. "आबा, लांडग्यानं आधी आमच्यावर यायचं. इथं लिहिलंय."

उत्तराची अपेक्षा कुणालाच नव्हती. आबांनी पुस्तकाकडं पाहिलं.

"लांडग्यानं वाचलंय का ते?"

कुणी हसलं नाही. गौसभाईंनी उठून पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. मला रडू येत होतं आणि मी उगाच बेरजा तपासत होते.

आबांनी भगवानच्या निळ्या बटणावर बोट ठेवलं. ते आम्हा सगळ्यांच्या पुढं, कळपापासून पार लांब होतं.

"अन् मेंढरं सोडून तू कुठं गेला व्हतास?"

भगवाननं हातातला फासा खाली ठेवला.

"ड्युटीला, आबा."

आबांनी मान हलवली. निळं बटण उचलून कळपाच्या मागं ठेवलं. बाजूला काढलेली तीन मेंढरं एकेक करून परत आत आणली.

"बरं. आता हितं थांब," ते म्हणाले. मग आमच्याकडं बघून, "मांडा परत."