ताईच्या हातची कड

साठीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नागपुरातल्या वैशाखातल्या दुपारी आमचं घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर नुकतंच मारलेलं पाणी, आत हिरवट काळोख आणि ओल्या वाळ्याचा वास. बाहेर ऊन कितीही माजलेलं असो, आत बोलणंसुद्धा हळू व्हायचं. मी तेव्हा चौदा वर्षांची. घामानं पांढरा दोरा मळू नये म्हणून तळहाताला पावडर लावून चटईवर क्रोशा घेऊन बसायचे. साखळी, खांब, साखळी, खांब. मध्येच डोळा लागायचा आणि जाग आली तरी बोटं चालूच असायची, असं मला अजूनही खरं वाटतं.

थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, वर्ध्याला. रुखवतात नवरीच्या हातच्या वस्तू मांडायच्या आणि आमच्या ताईला विणकामाचा गंध नव्हता. गणितात ती हुशार, स्वयंपाकात बरी, पण क्रोशाची सुई हातात दिली की गोणी शिवायचा दाभण धरल्यासारखी धरायची. माझा हात मात्र साफ होता. हे मला ठाऊक होतं आणि साऱ्या गल्लीला ठाऊक राहील याचा मी बंदोबस्तही केला होता. त्यामुळे टेबलावरचा मोठा गोल रुमाल विणायचं काम माझ्याकडे आलं. सीताबर्डीच्या बाजारातून आणलेल्या दोऱ्याच्या गुंड्या एकेक करून संपत गेल्या आणि रुमाल माझ्या मांडीवरून चटईवर उतरला.

ताईला हे पटत नव्हतं. "माह्या नावानं तिचं काम मांडायचं, हे खोटं नाही का?" तिनं आईला विचारलं.

आईनं तोडगा काढला. "शेवटची ओळ तू विण. शेवटचा टाका ज्याचा, वस्तू त्याची."

म्हणून शिंपल्यांची कड तेवढी ताईसाठी ठेवली. पाच खांबांचा एक शिंपला, मग एक टाका, मग पुन्हा शिंपला. आठ दुपारी ती माझ्याशेजारी बसून विणत होती. ओठ दाताखाली, कपाळावर घाम, आणि दोरा असा ओढायची की बोटावर वळ उठावा. मी चिडवायचे, "दोरा आहे वं, बैल नाही." ती हसायचीही नाही. आठव्या दुपारी तिनं शेवटचा टाका घातला आणि रुमाल छातीशी धरून तशीच चटईवर झोपून गेली. इतकी सुखानं झोपलेली मी तिला त्या महिन्यात पुन्हा पाहिली नाही.

विणून झालं म्हणजे काम संपलं असं नसतं. दोऱ्याची टोकं सुईनं आत लपवायची, साबुदाण्याच्या पातळ खळीत रुमाल बुडवायचा, गच्चीवर गादी टाकून त्यावर टाचण्यांनी ताणून वाळवायचा. हे काम माझं. दुसऱ्या दिवशी आई आणि ताई साड्यांसाठी बर्डीवर गेल्या आणि मी रुमाल खळीत घालण्याआधी गादीवर पसरून पाहिला. तो काही केल्या सपाट बसेना. ताईची कड इतकी घट्ट होती की रुमाल भाजलेल्या पापडासारखा वर उचलला जात होता. शिंपले कुठं पाचचे, कुठं सातचे. वर्ध्याच्या बायका हे उचलून बघणार, आणि आतलं काम माझं, या विचारानं मला कसंतरी झालं.

मी कडेचं टोक सोडलं आणि ओढलं. आठ दुपारी चहाला आधण यायच्या आत उसवल्या.

त्या दिवशी मी जेवलेही नाही. दोघी घरी यायच्या आत नवी कड पुरी झाली होती, एकसारखी, आणि रुमाल खळ पिऊन गच्चीवर चंद्रासारखा गोल वाळला होता. ताईला मी काही बोलले नाही. घडी घालून सरळ रुखवताच्या पेटीत ठेवला.

लग्नात तिच्या सासूबाईंनी नेमका तोच उचलला. "हे तूच विणलं का वं?"

हो म्हणायची परवानगी आईनं दिलेलीच होती. पण ताई म्हणाली, "नाही जी. आतलं सारं माह्या लहान बहिणीनं विणलं. कड तेवढी माही."

सासूबाईंनी कड बोटांत धरून फिरवून पाहिली. "कड तर आतल्याहून साफ आहे," त्या म्हणाल्या आणि कौतुकानं रुमाल ताईच्या हातात दिला. ताईचा अंगठा कडेवरून थोडासा सरकला आणि थांबला. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी पन्ह्याचे पेले घेऊन आत पळाले. तिला कळलं नसेल, असं मी दीड वर्ष स्वतःला सांगत राहिले.

दीड वर्षानं ती बाळंतपणाला घरी आली. थंडीचे दिवस होते, गच्चीवर ऊन मऊ पडलेलं. संत्री सोलत असताना तिनं पिशवीतून एक टोपडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. तिनं स्वतः विणलेलं. चारी बाजूंनी दोऱ्याची टोकं लोंबत होती.

"धागे तेवढे लपवून दे," ती म्हणाली. "कड उसवू नको."

टोपड्याचा एक धागा बोटाला गुंडाळत मी विचारलं, "तुले तेव्हाच कळलं होतं?"

"सात खांबांचे शिंपले शोधत होती मी. एक बी नाही भेटला." तिनं संत्र्याची एक फोड माझ्या हातावर ठेवली. "त्या घरात मी बोललेली पहिली गोष्ट खोटी निघाली वं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं आणि तिनं मला रडू दिलं. मग मी सुई घेतली आणि एकेक धागा आत लपवला. टोपड्याची कड एका बाजूला घट्ट होती, त्यामुळे बाळ झाल्यावर त्याच्या डाव्या कानावरून ते सारखं वर सरकायचं. सगळ्या बायका म्हणायच्या, जरा नीट करून दे. मी ते दिवसातून दहादा हातानं खाली ओढून देत असे.