जासईचा जिताडा आणि पिकपूलची बाटली

दक्षिण फ्रान्समधून येताना मी वाइनची एकच बाटली आणली. पिकपूल दे पिने. खाऱ्या पाण्याच्या तलावाकाठी तिचे मळे आहेत आणि त्याच तलावात कालवं वाढवतात. तिथं ती रोजची, साधी पांढरी वाइन. सानपाड्यात मात्र मी ती फ्रिजमध्ये नुसती मिरवत होते.

मग परेश म्हात्रेचा फोन आला. हा माझ्या मुलाचा शाळेतला मित्र, बोटीवर कुक होता. "काकू, शनिवारी ती बाटली घेऊन जासईला या. बाबा घरासमोरचा प्लॉट कंटेनरवाल्याला देतायत. मला तिथे हॉटेल टाकायचंय. एकदा माझ्या हातचं जेवले ना, की ऐकतील."

प्यायचा बेत, म्हणून गाडी घरीच ठेवली. सानपाड्याहून उरणकडच्या जासईपर्यंत टॅक्सीचे सहाशेच्या आसपास होतात. पाम बीचवर सुसाट जाता येतं, गव्हाण फाट्यापुढे मात्र ट्रेलरच्या मागे रांगायचं. काचा बंद ठेवा, धूळ फार. आणि सोमवार, गुरुवार, संकष्टी टाळा; आग्रहाने बोलावणाऱ्या घरीही त्या दिवशी मासळी मिळणार नाही.

परेशने बाटली मासळीच्या बर्फात खुपसली. त्याचे वडील अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"या ताई. सकालपास्ना यो पोरगा मला जागेवरना उठू देत नाय."

आधी कालवं आली, नुसती लसूण, हळद आणि मीठ लावून परतलेली. त्यांच्यावर लिंबू पिळायची गरज पडली नाही, ते काम वाइनच करते. मग तांदळाच्या पिठात घोळवून तळलेला जिताडा, इथल्या खाडीतला मासा. त्याच्याबरोबर ती आणखी खुलली. परेशच्या आईने केलेल्या लाल रश्शापुढे मात्र तिची बोलती बंद झाली, वर जीभ भाजली ती वेगळीच. रस्सा असेल तर आपली सोलकढीच बरी.

म्हात्रेकाकांनी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "आंबट हाय." कालवं खाल्ल्यावर ग्लास पुन्हा पुढे केला. जिताड्याच्या दोन तुकड्या संपवून त्यांनी ताटातून बोट फिरवलं. परेश हातात कालथा घेऊन उभाच होता.

"ब्येस हाय. लय ब्येस."

परेशचा चेहरा फुलला.

"म्हनून सांगतो, हितं नको."

"म्हणजे?"

"असं रांधून हितं कोनाला घालशील? टायर बदलाला थांबलेल्या ड्रायवरला? ताटात धूल परते हितं." मग माझ्याकडे वळून, "ताई, ही दारू जिथली, तिकरं हॉटेलं हायेत ना?"

खोटं बोलावंसं वाटलं. "आहेत."

"मंग तिकरं जा."

परेश तव्यावरचा मासा उलटत राहिला. उरलेली बाटली आम्ही संपवली.

आता त्या प्लॉटवर कंटेनर रचलेत. परेश त्याच तलावाकाठी एका हॉटेलात लागलाय, मजेत आहे म्हणतो. जोडी म्हणून विचाराल तर पिकपूल आणि जिताडा, दहापैकी दहा. पण मी बाटली नेली होती ती पोरगा इथं राहावा म्हणून, आणि त्याच बाटलीपायी तो गेला, याचं मला वाईट वाटतं.

परवा काकांचा फोन आला.

"ताई, तिकरं जिताडा मिलतो का?"

"नाही हो. त्याच्यासारखा दुसरा एक मासा मिळतो."

पलीकडे ट्रेलरचे हॉर्न वाजत होते.

"मंग पोरगा खातो काय?"