रुखवतातली युद्धनौका

आता काय सांगू तुम्हाला, मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. तासभर! शाळेतल्या पोरालाही जमलं असतं. मला नाही जमलं. ओता तो चहा, पहिल्यापासून सांगतो.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा. घरी आलो की प्लास्टिकची मॉडेलं जोडतो. हसू नका हो! कुणी पत्ते कुटतं, कुणी क्रिकेट बघतं, मी जहाजं बांधतो.

गेल्या वर्षी यामातो घेतली. जपानची जुनी युद्धनौका. तिच्याएवढी अवाढव्य युद्धनौका जगात दुसऱ्या कुणी बांधलीच नाही. खरी साडेतीनशे पट लहान केली की माझी होते, तरी चांगली अडीच फूट लांब! बारक्या तोफा तर तांदळाच्या कणीएवढ्या. चिमट्यानं उचलायची, थेंबभर गोंद लावायचा, श्वास रोखून बसवायची. मध्येच शिंक आली की तोफ फरशीवर, आणि मी नि बायको बॅटरी घेऊन पलंगाखाली. कित्येक महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणी जेवलं नाही. बायकोनं फार सोसलं, खोटं कशाला बोलू?

जहाज पुरं झालं आणि धाकट्या बहिणीचं, स्वातीचं लग्न येऊन ठेपलं. भूगावातला आमचा फ्लॅट तो केवढा, आणि त्यात गावाकडचे पाहुणे, त्यांची पोरं, पोरांच्या बॅटी! एक कार्टं माझ्या मुख्य तोफेची नळी पिळताना सापडलं, तेव्हा मी जहाजासाठी जागा शोधायला लागलो. घरात कुलूप असलेली एकच खोली होती, तिथं स्वातीचं रुखवत ठेवलेलं. मी जहाज खोक्यात घातलं, वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘नाजूक! जपून न्या’, आणि ठेवलं त्या खोलीत. काय डोकं चालवलं म्हणून स्वतःवरच खूश झालो.

रुखवताच्या सगळ्या खोक्यांवर ‘नाजूक! जपून न्या’ असंच लिहिलेलं होतं, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

लग्न पौडच्या एका कार्यालयात. आचाऱ्याकडे बघायला मला सकाळीच पुढं पाठवलेलं. मागून टेम्पो आला, रुखवत मांडलं गेलं. मी हॉलमध्ये येऊन बघतो तर काय! इकडं साखरेचं तुळशीवृंदावन, तिकडं सजवलेले नारळ, आणि मध्ये माझी यामातो! भोवती झेंडूची माळ. समोर मावशीच्या अक्षरात चिठ्ठी:

‘प्रेमाचं शीड, विश्वासाचं सुकाणू,
संसाराची नौका सुखरूप आणू.’

शीड! अहो, अठरा इंची तोफांच्या जहाजाला शीड?

“मावशे, हे माझं आहे!” मी ओरडलोच.

“हळू बोल मुडद्या,” मावशीनं माझं मनगट धरलं. “नवरदेवाची आत्या आल्या आल्या नाक मुरडाय लागली. म्हनं, समदं दुकानातलं आनलंय, पोरीच्या हातचं काय हाय का न्हाई? तेवढ्यात तिची नजर ह्या बोटीवर पडली. म्हनली, ह्ये मातुर हातचं दिसतंय. मी म्हनलं, व्हय, आमच्या स्वातीनंच केलंय!”

मी स्वातीकडं बघितलं. मुंडावळ्या बांधून बसलेली, चेहरा रडवेला.

“दादा, प्लीज,” ती हळूच म्हणाली. “त्या घरात आत्याबाईंचा शब्द चालतो. आज फक्त गप्प बस. मांडवपरतणीला येताना मी स्वतः मांडीवर घेऊन आणते तुझं जहाज.”

बहीण आहे हो शेवटी. म्हटलं, ठीक आहे. अक्षता पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बहिणीची अब्रूही राहील आणि जहाजही परत येईल. फक्त पोरांनी तोफा उपटू नयेत म्हणून मी टेबलाशी पहारा देत उभा राहिलो. इथंच चुकलं. मी तिकडं आचाऱ्यापाशी जाऊन भजी तळायला हवी होती.

थोड्या वेळानं आत्याबाई परत आल्या. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मागं त्यांच्याकडच्या पाच-सहा बायका. त्यांना कौतुकानं जहाज दाखवायला लागल्या. तेवढ्यात नवरदेवाचा कुणी दीडशहाणा मित्र मोबाइलवर फोटो काढता काढता म्हणाला, “अरे, ही टायटॅनिक ना? बुडाली होती ती!”

“बुडाल्याली?” आत्याबाईंचा हात छातीवर. “अगं बया! बुडाल्याली बोट मांडली रुखवतात?”

मावशी पांढरी पडली. स्वातीनं माझ्याकडं बघितलं. आणि मला वाटलं, आता बहिणीला आपणच वाचवायचं!

“छे छे, आत्याबाई!” मी पुढं झालो. “टायटॅनिक कसली? ते प्रवासी जहाज. ही यामातो, युद्धनौका! दोन्हींचा काडीचा संबंध नाही.”

“असं व्हय!” आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला. “मंजी ही न्हाई बुडाली?”

बघा, इथं नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं! पण सबंध आयुष्य क्वालिटीत गेलंय हो. चुकीची माहिती पास करायला जीभ वळत नाही.

“बुडाली,” मी म्हणालो. “पण हिमनगावर आपटून नाही! हिच्यावर विमानं आली. एकदोन नव्हे, शेकडो! आधी अशी डावीकडं कलली...” मी हातानं दाखवलं. “मग पोटात स्फोट झाला, धडाम! आणि दोन तुकडे होऊन गेली तळाला.”

आत्याबाई आणखी जवळ सरकल्या.

“माणसं व्हती का आत?”

“तीन हजार.”

“वाचली?”

“थोडी.”

आत्याबाईंनी चिठ्ठी उचलली आणि एकेक शब्द सुटा करत वाचली. “संसाराची... नौका... सुखरूप... आणू.” मग माझ्याकडं वळल्या. “आन तुमाला येवडं समदं कसं ठावं?”

“वा! मला नाही तर कुणाला? मीच बनवलीय ती!”

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. बायकोनं कोपरानं ढोसलं, पण आता ढोसून काय उपयोग? एका दमात मी नौका बुडवली आणि बहिणीलाही खोटं पाडलं.

स्वातीचे डोळे भरले. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्याबाई काही बोलणार, तोच स्वातीचे सासरे पुढं आले. आबा म्हणतात त्यांना. ताम्हिणीच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठी भातशेती आहे त्यांची. रांगडा माणूस.

“आक्का,” ते बहिणीला म्हणाले, “आपुन पोरगी न्ह्यायला आलुया का बोट? मुहूर्त टळतुया. व्हा म्होरं.”

आणि झालं! अक्षता पडल्या, पंगती उठल्या. आबांनी स्वातीला जवळ बोलावून म्हटलं, “पोरी, तुला बोट नसंना का करता येत, भाकरी आली तरी आमाला लई झालं.” ती हसली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

आणि जिवात जीव आल्यावर मला जहाज आठवलं. म्हटलं, हीच संधी आहे! चेहरा पाडून आत्याबाईंकडं गेलो.

“माझं चुकलंच, आत्याबाई. अशी अपशकुनी वस्तू तुमच्या घरी नकोच. मी आपली परत घेऊन जातो.”

“खुळं का काय तुमी?” त्या कडाडल्या. “लेकीचं रुखवत कुनी माघारी न्हेतं व्हय? त्यो तर दुसरा अपशकुन!”

गेली टेम्पोत. खोक्यात मी माझ्या हातानं जुनी चादर कोंबली.

मांडवपरतणीला स्वाती आणि जावई आले. लाडू आणले, चिवडा आणला. मांडीवर काही नव्हतं.

“जहाज?” मी विचारलं.

स्वातीनं जावयांकडं बघितलं. जावयांनी छताकडं बघितलं, मग खिशातून मोबाइल काढला, आबांना लावला आणि माझ्या हातात दिला.

“पावनं,” आबा म्हणाले, “मोठाच पेच झाला बगा. आक्का म्हनं घरात ठिवायची न्हाई. माघारी धाडता यीना. आन तुमी येवडी मेहनत घेतल्याली चीज उकिरड्यावर कशी टाकायची? मग आक्कानंच तोडगा काढला. हळदकुकू व्हायलं, नारळ फोडला आन धरनाच्या पान्यात इसर्जन केलं. लई मानानं केलं, काळजी करू नका.”

“बु... बुडाली?”

“तर! तुमी हातानं दावली व्हती का न्हाई, अगदी तश्शी! आदी डावीकडं कलली, मंग गेली. फकस्त दोन तुकडं न्हाई झालं. चिकटवली झ्याक व्हती तुमी.”

मी फोन ठेवला. बायको म्हणाली, “चला, आता तरी टेबलावर जेवायला बसू.” बसलो.

खऱ्या यामातोला बुडवायला शेकडो विमानं लागली होती. माझी मी एकट्यानं, नुसत्या तोंडानं बुडवली.