सरांचा डावा हात

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे असतील, तर ते आमच्या हायस्कुलातल्या विज्ञानाच्या सरांचे. त्यांचं नाव लिहीत नाही. आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं. माकणीच्या अलीकडं त्यांचं गाव, तिथून दोन कोसांवर आमचं. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात आमचं सगळं घर खडी फोडायला जात होतं. शाळेतली निम्मी पोरं तिथंच, म्हणून दुपारच्या सुट्टीत सरच खडीवर यायचे. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन झाली की ते बुशकोटाच्या खिशातून आरशाचा एक तुकडा काढायचे आणि समोरच्या टेकाडावर कवडसा पाडायचे. कवडसा भरकन सरकायचा. "बघा रे, तो केवढा हलला. माझा हात किती हलला?" हात हललेला कुणालाच दिसलेला नसायचा. "डोळ्याला कळत नाही ते उजेडाला कळतं," एवढं सांगून ते सायकलवर टांग मारायचे.

त्या तुकड्यानं मला कॉलेजात नेलं, पुढं विद्यापीठात आणि मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेत. तिथं आम्ही लेसरची नळी घरचीच बनवत होतो. काचेची नळी, तिच्यात दोन वायू, दोन्ही टोकांना आरसे. आरसे एकमेकांसमोर नेमके बसेपर्यंत नळी दुकानाच्या निऑनच्या पाटीसारखी नुसतीच उजळते. ते जुळवायला आम्हाला कित्येक महिने लागले. एका दुपारी स्क्रू जरासा फिरला आणि भिंतीवर लाल ठिपका उभा राहिला. त्या वेळी मला खडीवरचं ऊन आठवलं.

आता सत्कारात लोक मला आपल्या भागातला लेसरचा पहिला शास्त्रज्ञ म्हणतात. हार घालून घेताना संकोच वाटतो. ज्या कामासाठी ते असं म्हणतात, कातडीला न टोचता आतलं रक्त वाहताना पाहायचं, त्या कामाची सुरुवात सरांच्या डाव्या हातावर झाली. ती हकिकत मी कुठल्याच भाषणात सांगितलेली नाही.

बऱ्याच वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला होता. गावाकडच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, म्हणून मी एक लहान लेसर पेटीत घालून आणला होता. फाट्यावर उतरलो तर सोसायटीचे चेअरमन भेटले.

"आलास का रे, सायन्स? सरांकडं चाललास?"

"हो. का?"

"जरा बेतानं जा. लकवा मारला ते तर झालंच, पर आता भानामती झालीया त्यांना."

"चेअरमनसाहेब, तुमच्या घरची भानामती कुणी घालवली?"

"त्यांनीच की. हळद अन् चुना कालवून समद्या गावाफुडं दावलं, रगत कसं तयार हुतं ते. माजी पार शोभा केली." ते हसले, मग हसू गेलं. "आता त्यांच्याच अंथरुणात बसलीया बघ ती."

गुरं छावणीला गेलेली, त्यामुळं गाव मुकं पडलं होतं. सरांच्या घरात काकू चुलीपाशी बसल्या होत्या, पण चूल पेटलेली नव्हती. सर बाजेवर उताणे होते. डाव्या अंगाला कुणी झोपलं असावं तसं काहीतरी टॉवेलाखाली झाकलेलं होतं.

"लेकरा, बरं झालं आलास," सर म्हणाले. आजारानं त्यांची वर्गातली भाषा गेली होती, लहानपणची तेवढी राहिली होती. "हे आधी उचल हितनं."

"काय उचलू, सर?"

"ह्यो हात. मेलेल्या मानसाचा हात कुणीतरी माज्या अंथरुणात ठिवलाय. लई गार लागतुया."

मी टॉवेल बाजूला केला. तो हात मी ओळखत होतो. बोटावर जुना ॲसिडचा डाग होता.

"सर, हा तुमचाच हात आहे."

"माजा असता तर मला कळलं नसतं व्हय?" त्यांनी शांतपणे विचारलं, फळ्यापाशी उभं राहून विचारावं तसं. "तुला विज्ञान शिकवलंय म्या. पुरावा दे."

काकू मला परसात घेऊन गेल्या. झोप नाही, म्हणाल्या, डोळा लागला की दचकून उठतात, त्या हाताशेजारी घास उतरत नाही म्हणतात. अमावास्येला सीमेपलीकडून मांत्रिक येणार होता. चेअरमन जीप देणार होते. मांत्रिक हाताला तापल्या सळईचे डाग देणार होता.

"काकू, सरांना साखर आहे. जखम भरायची नाही. त्यातच जातील ते."

"डॉक्टरांनीबी हेच बजावलंय. पर त्यांनीच व्हय म्हटलंय रे. म्हनतात, डागा की, हात कुठं माजा हाय." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "जल्मभर मांत्रिकाला दारात उभं केलं न्हाय त्यांनी."

म्हणजे अमावास्येपर्यंतच वेळ होता. सरांनी पुरावा मागितला होता, आणि माझ्या पेटीत तो आहे असं मला वाटलं.

लेसरच्या उजेडाची एक गंमत आहे. तो कशावरही पडला की सपाट दिसत नाही, रवाळ दिसतो, लाल रवा पसरल्यासारखा. भिंतीवर, लाकडावर त्याचे दाणे गोठलेले असतात. पण एकदा प्रयोगशाळेत माझाच हात मधे आला, आणि हातावरचे दाणे खदखदत होते. मी दचकून हात मागं घेतला होता. कातडीखाली रक्त वाहतं म्हणून तसं होतं. जिवंत असेल ते खदखदतं, निर्जीव असेल ते गप्प राहतं.

सरांच्या घरातली वीज गेलेली होती. सोसायटीच्या गोदामातून वायर ओढायला चेअरमनांनी परवानगी दिली आणि स्वतःच येऊन दारात उभे राहिले. भरदुपारी खिडक्या लावून घेतल्या. प्रयोगशाळेच्या स्वच्छ हवेत किरण दिसत नाही, फक्त ठिपका दिसतो. इथं दुष्काळाची धूळ घरभर तरंगत होती. बटण दाबल्याबरोबर लाल सुतळी ताणावी तसा तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उभा राहिला. काकू मागं सरकल्या.

भिंग लावून मी उजेड पसरवला. आधी लाकडी पट्टीवर. दाणे गप्प. मग तांब्यावर. गप्प. मग सरांच्या उजव्या हातावर, आणि तिथं लाल रवा उकळायला लागला. सरांचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी ते हसले, काकू नंतर म्हणाल्या.

मग डाव्या हातावर. तिकडं सरांची नजर आपणहून जाईना, मान मला वळवून द्यावी लागली. क्षणभर काहीच दिसलं नाही. मग दाणे हलायला लागले, संथ, आतून कुणी कूस बदलावी तसे.

"बघा सर. जिवंत आहे."

सर बराच वेळ पाहत राहिले. एका हातावरून दुसऱ्यावर उजेड न्यायला लावला, पुन्हा परत आणायला लावला.

"व्हय. जित्ता हाय," ते म्हणाले. "पर चाल येगळी हाय. ह्यो बिगीबिगी, त्यो सावकास. दोन चाली म्हंजी दोन मानसं. मग त्यो कुनाचा?"

त्यांच्या तर्कात चूक नव्हती. न हलणाऱ्या हातात रक्त मंद वाहतं, हे मी सांगितलं, पण ते माझ्याकडं पाहत नव्हते. दारातून चेअरमन निघून गेले होते. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं, पुण्याच्या यंत्रात सरांच्या हातातला दुसरा दिसला.

"तू आलास तवा मेलेला व्हता," काकू म्हणाल्या. "आता जित्ता झाला. आता तर डाग द्यावाच लागंल."

रजा संपली होती. दुसऱ्या दिवशी मी सोलापूरच्या एसटीत बसलो, मांडीवर पेटी घेऊन. शेजारच्या बाकावर एक लमाणी बाई खिडकीला टेकून झोपली होती. तिच्या बाहीवरच्या आरशांवर ऊन पडलं होतं आणि गाडीच्या टपाला आतून कवडसे लागले होते. गाडी एका थांब्यावर उभी राहिली, इंजिन बंद झालं, तरी कवडसे हलत होते. वर जात, खाली येत. ती बाई श्वास घेत होती. बाही हललेली दिसत नव्हती.

सोलापुरात उतरल्या उतरल्या मी सरांना पत्र लिहिलं.

ते अमावास्येच्या आधी पोचलं. काकूंनी ते वाचून दाखवलं आणि त्यात सांगितल्याप्रमाणे केलं. सर त्या दिवशी ऊन खिडकीत असेपर्यंत भिंतीकडं पाहत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी चेअरमन जीप घेऊन निघायच्या बेतात होते, तेव्हा सरांनी त्यांना बोलावून घेतलं.

"जीप ऱ्हाऊ द्या. ह्येला डाग दिला तर माज्या काळजाला बसंल. आमचं दोगांचं काळीज एकच निगालं."

त्यानंतर सर काही वर्षं होते. जेवू लागले, झोपू लागले. पण 'माझा हात' असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. 'हा' म्हणायचे. "ह्येच्यावर पांघरून घाल," असं काकूंना सांगायचे. मी गेलो की विचारायचे, "ह्येला भेटलास का?" मग मी बाजेच्या डाव्या अंगाला बसून तो हात हातात घ्यायचो. नेहमी गार असायचा. एकदा त्यानं माझं बोट धरलं. हळूच, पण पक्कं. मी सरांकडं पाहिलं. सर झोपलेले होते.

डॉक्टरांकडं अशा धरण्याला नाव आहे. ते मला ठाऊक आहे. तरी बोट सोडवून घ्यायला मी बराच वेळ लावला.

सर गेल्यावर काकूंनी मला ते पत्र परत दिलं. ते असं होतं:

सर,

सोलापूर स्टेशनात बसून लिहितोय. काल माझा प्रयोग अपुरा होता. हात जिवंत आहे एवढंच मी दाखवलं, तुमचा प्रश्न वेगळा होता. हा प्रयोग करून पाहा. यंत्र लागत नाही. ऊन लागतं, ते यंदा भरपूर आहे.

तुमचा आरशाचा तुकडा जुन्या बुशकोटाच्या खिशात असेल. काकूंना तो काढायला सांगा. आणखी बारीक करावा लागेल, हरभऱ्याच्या डाळीएवढा. मेणाचा ठिपका लावून तो त्या हाताच्या मनगटावर बसवा, जिथं नाडी लागते तिथं. हात खिडकीतल्या उन्हात ठेवा. कवडसा तुमच्या उजव्या अंगाच्या भिंतीवर पडू द्या, कारण डावीकडं तुमची नजर हल्ली आपणहून जात नाही. हात हललेला दिसणार नाही. कवडसा उड्या मारताना दिसेल.

आता तुमचा उजवा हात, जो तुमचाच आहे याबद्दल आपलं दुमत नाही, तो छातीवर ठेवा. ठोके हाताला लागू द्या आणि डोळे भिंतीवर ठेवा.

कवडशाची चाल आणि छातीची चाल वेगळी निघाली, तर हात दुसऱ्या कुणाचा आहे असं मी मान्य करीन. एकच निघाली, तर काय समजायचं ते तुम्ही ठरवा. निरीक्षण माझ्या बाजूचं यावं असा हट्ट धरायचा नसतो, हे तुम्हीच खडीवर शिकवलंत. त्या दिवसांपासून मी जे काही पाहिलं ते त्या तुकड्यातून पाहिलं आहे.

फक्त डाग देण्याआधी हा प्रयोग करा. घाई करू नका. सकाळी ऊन खिडकीत येईल तेव्हा करा.

तुमचा विद्यार्थी