जास्तीचं वंगण

लष्कराच्या समितीसमोर आपल्याच कारखान्याची बंदूक नापास करून दाखवणं शत्रूलाही जमलं नसतं. वंगणमामांनी ते एका संध्याकाळीच जमवलं, आणि तेही मायेपोटी.

पायदळाच्या जुन्या बंदुका बदलायच्या होत्या. नव्या कुठल्या घ्यायच्या, टेकडीमागच्या आपल्या कारखान्याच्या की समुद्रापलीकडून येणाऱ्या, यावर वर्तमानपत्रांत इतकी शाई सांडली की तिच्यात एखादी बोट तरंगली असती. शेवटी लष्कर म्हणालं, भांडू नका, दोघींना मैदानात आणा. आदल्या संध्याकाळी चाचणीच्या दहा बंदुका पॅकिंग खात्यात मामांच्या टेबलावर आल्या. मामांचं रोजचं काम सोपं होतं. तयार बंदूक गोदामात गंजू नये म्हणून तिला जाड वंगण लावायचं आणि मेणकागदात गुंडाळायची. पण पोरं शाळेच्या फोटोला निघाली की आईच्या हातून तेलाची बाटली जरा जास्तच उलटते, तसं त्यांचं झालं. गोळी नळीत ढकलणाऱ्या बोल्टला, स्प्रिंगला, जिथं बोट शिरेल तिथं त्यांनी दुप्पट वंगण थापलं आणि बाहेरून पुसून आरशासारखं लख्ख केलं.

सकाळी धुळीची चाचणी सुरू झाली. लोखंडी खोलीत बंदुका टांगायच्या, पंख्यानं पिठासारखी बारीक धूळ उडवायची, मग बाहेर आणून गोळ्या झाडायच्या. विदेशी बंदुका आतून कोरड्या होत्या. झटकल्या आणि धडाधड चालल्या. आपल्या बंदुकांनी मात्र पोटभर धूळ खाल्ली. वंगणात कालवून तिचा चिखल झाला आणि एकेक बोल्ट जागच्या जागी रुतून बसला. शेवटच्या बंदुकीचा जवान तर चाप ओढायच्या आधीच साहेबांकडे क्षमा मागितल्यासारखा बघायला लागला. अति तिथं माती म्हणतात, ती त्या दिवशी समितीनं चिमटीत धरून पाहिली.

"उद्या सकाळी निर्णय सांगतो," एवढंच म्हणून समितीचे प्रमुख कर्नलसाहेब जीपमध्ये बसले. निर्णय काय असणार हे जीपच्या ड्रायव्हरलाही कळलं होतं. ऑर्डर गेली की जोडणीचं शेड बंद होणार होतं आणि तिथं लोखंडी कपाटं बनणार होती. कपाट वाईट नसतं, पण बंदूक जोडणाऱ्या माणसाला कपाटाची कडी लावायला सांगणं म्हणजे पैलवानाला पाळणा हलवायला बसवणं.

आता मामांबद्दल. मामा हे नाव त्यांना कोणी दिलं ते कोणालाच आठवत नाही. वंगण मात्र त्यांनी स्वतः कमावलं. तरुणपणी ते लेथवर लागले होते, पण तिथल्या आवाजानं डोकं उठायचं म्हणून स्वतः बदली मागून घेऊन पॅकिंगला गेले आणि तिथंच मुरले. खिशात कायम चोचीची छोटी तेलाची डबी. गल्लीतलं एकही दार कुरकुरत नाही, एकही सायकल करकरत नाही. मामा जाता जाता दोन थेंब सोडतात आणि पुढं जातात. बायको म्हणते, "आपल्या गल्लीत चोरांची सोय एवढी चांगली आहे की त्यांनी यांना पगार द्यावा." मामांच्या हातून कपबशी निसटते, चष्मा नाकावरून घसरतो, हस्तांदोलन करणाऱ्याचा हात सटकतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उशीच्या खोळीवरचा डाग काही गेला नाही. हल्ली बायको खोळीच त्या रंगाच्या शिवते.

त्या संध्याकाळी मामा घरी आले आणि जोडे न काढता खुर्चीत बसले. समोर मेहुणा बसलेला. मेहुणा म्हणजे फौजी. पायदळात आयुष्य काढून निवृत्त झालेला, रोज पहाटे दाढी करणारा, आणि विदेशी बंदुकीचा कट्टर भक्त. त्याचा पोरगाही आता पायदळात होता. बहिणीच्या घरी तो चहा प्यायला कमी आणि भाऊजींना डिवचायला जास्त यायचा.

"काय भाऊजी, ऐकलं ते खरं? बंदुकीनं गोळ्या झाडल्याच नाहीत म्हणे, नुसती धूळ गिळली?"

"पिकतं तिथं विकत नाही रे बाबा," मामा म्हणाले. "परदेशी म्हटलं की तुमचे डोळे आधीच दिपतात."

"माझे डोळे दिपत नाहीत. माझी जुनी बंदूक अडकायची तेव्हा दिपायचे, समोरच्याच्या गोळीनं." फौजीनं कप खाली ठेवला. "गोळी पासपोर्ट बघत नाही, भाऊजी. तुमचा देशाभिमान टेकडीमागं सुखरूप बसतो. ती बंदूक उद्या माझ्या पोराच्या हातात जाणार आहे. मला बंदूक चालायला हवी, मग ती चंद्रावरून येऊ दे."

"अरे, पण ती चालते! आपल्या रेंजवर रोज चालते!"

"मग आज काय तिला पोटदुखी झाली होती?"

मामा चष्मा काढून पुसायला लागले. बायको दारात उभी राहून ऐकत होती. नवरा बोलता बोलता चष्मा पुसायला लागला म्हणजे काहीतरी मोठं निसटलंय, हे तिला अनुभवानं माहीत होतं.

फौजीनं सवयीनं मामांची वंगणानं माखलेली बोटं बघितली आणि त्याचा आवाजच बदलला. "भाऊजी, चाचणीच्या बंदुकांना तुम्ही किती वंगण लावलं?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"म्हणजे... नेहमीच्या दुप्पट. पाहुण्यांसमोर जायच्या होत्या ना."

फौजी ताडकन उठला. "गोदामातलं जाड वंगण? धुळीत? आत?" त्यानं कपाळावर हात मारला. "ताई, तुझ्या नवऱ्यानं बंदुकीला केक समजून लोणी लावलंय! अहो, धुळीच्या मुलखात आम्ही एक थेंब तेल लावतो, तोही पुसून घेतो. धूळ चिकटली की बंदूक संपली."

"तुला काय, तुझी विदेशी जिंकली की," मामा कसेबसे म्हणाले.

"कशी जिंकली? तुमची पळालीच नाही! पायात दोरी बांधून शर्यत लावली आणि म्हणे हिला पळता येत नाही. भाऊजी, मला कुठली जिंकली याच्याशी घेणं नाही. पोराच्या हातात खरोखर चांगली कुठली, ते मला कळायला हवं. तुम्ही ते कळूच दिलं नाही." त्यानं खिसे चाचपले, मग स्वतःच्या घरी गेला आणि दाढीचा ब्रश घेऊन परत आला. मऊ केसांचा, लाकडी मुठीचा. "हा घ्या. बोल्टच्या खोबणीतली धूळ याच्याइतकी कशानं निघत नाही. सगळी नोकरी मी ह्यानंच बंदूक झाडली. आणि उद्या समितीला खरं सांगा."

"सांगितलं तर नोकरी जाईल."

"नाही सांगितलं तर सगळ्यांची जाईल," बायको दारातून म्हणाली, आणि विषय तिथंच मिटला.

दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या तंबूत सगळे जमले. बंदुकीची रचना करणाऱ्या बाई एका कोपऱ्यात कागदावर रेघा मारत होत्या. त्यांना वाटत होतं, चूक आपल्या आराखड्यातच आहे, आणि कागदावरचा चांगला बोल्ट त्या खोडून टाकायला निघाल्या होत्या. विदेशी कंपनीचा माणूस गॉगल डोक्यावर चढवून आरामात बसला होता. कर्नलसाहेबांनी घसा साफ केला, आणि त्याच क्षणी मागून मामा उठले.

"साहेब, एक मिनिट."

कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी त्यांच्या पायावर पाय दिला. "मामा, खाली बसा."

"बसलो असतो साहेब, पण तुम्ही पायावर उभे आहात." तंबूत हसू फुटलं. मामा पुढं झाले. आयुष्यभर सगळ्यांचं कुरकुरणं बंद केलेल्या माणसाचा स्वतःचा आवाज मात्र कुरकुरला. "कालच्या बंदुका अडकल्या त्या माझ्यामुळं. गोदामाचं जाड वंगण मी आतून लावलं, नको तेवढं. बाईंच्या बंदुकीचा दोष नाही. दोष माझ्या हाताचा आहे."

बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी एक बोल्ट मागवून उघडला, आतून बोट फिरवलं आणि काळा चिखल कर्नलसाहेबांसमोर धरला. "हे मी कालच बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी कागदात बघत बसले."

"तयारीत चूक झाली असेल तर नियमाप्रमाणे एकदा पुन्हा चाचणी घेता येते," कर्नलसाहेब म्हणाले. "पण समोरच्या पक्षाची हरकत नसेल तर."

सगळ्यांनी गॉगलवाल्याकडे बघितलं. तो दुभाष्याशी कुजबुजला आणि हसला. दुभाष्या म्हणाला, "ते म्हणतात, एकदा जिंकलोय, आणखी एकदा जिंकायला त्यांना आवडेल."

कर्नलसाहेबांनी एक अट घातली. दोन्हीकडच्या बंदुका जवानच साफ करतील आणि कारखान्याच्या कोणीही त्यांना हात लावायचा नाही. मग मामांकडे बघून म्हणाले, "विशेषतः तुम्ही. हात मागं बांधून उभे राहा."

मामा हात मागं बांधून उभे राहिले. जवान बोल्ट उघडत होते आणि मामांची बोटं पाठीमागं चुळबुळत होती. खोबणीतली धूळ एका जवानाला निघेना तेव्हा मामांनी अंग वाकडं करून, हात मागंच ठेवून, खिसा त्याच्यापुढं केला. "काढ. दाढीचा ब्रश आहे. फौजीचा आहे." जवानानं ब्रश बघितला आणि त्याचा चेहरा खुलला. त्याच्याही घरी कोणीतरी तसला फौजी असणार. तो ब्रश मग दहाही बंदुकांमधून फिरला. एक थेंब तेल, एक पुसणं, संपलं.

पंखा सुरू झाला. धूळ उडाली. बंदुका बाहेर आल्या आणि मैदान दणाणलं. पहिली चालली, दुसरी चालली, आणि मामा डोळे मिटून नुसते ऐकत राहिले. प्रत्येक आवाजाला त्यांचा खांदा उडत होता. गोळ्यांचं मॅगझिनमागून मॅगझिन रिकामं झालं. अडकली कुठलीच नाही. कारखान्याच्या लोकांनी ओरडायला तोंड उघडलं, पण गॉगलवाल्याच्याही सगळ्या चालत होत्या. त्याच्याही बंदुका खरंच चांगल्या होत्या, खोटं कशाला बोला.

मग दुपारभर दोघींना झोडपण्याचा कार्यक्रम झाला. आपटणं, पाण्यात बुडवणं, तापेपर्यंत झाडणं. उन्हं कलता कलता एका विदेशी बंदुकीची स्प्रिंग तुटली. थोड्या वेळानं आपल्याही एकीची, रिकामं काडतूस बाहेर ओढणारी आकडी तुटली. लोखंड ते, कधीतरी तुटणारच.

"दुरुस्त करा," कर्नलसाहेब म्हणाले.

गॉगलवाल्यानं पेटी उघडली, शोधलं, बंद केली. ही नेमकी स्प्रिंग सोबत नव्हती. दुभाष्या हळूच म्हणाला, "ती त्यांच्या देशातून मागवावी लागेल. जहाजानं. दीड महिना तरी."

बाईंनी मॅनेजरांकडे बघितलं, मॅनेजरांनी जोडणीच्या मुकादमाकडे, आणि मुकादम मोटरसायकलवर टेकडीमागं उधळला. तंबूत चहा ठेवला होता. तो उकळून कपात ओतला गेला तोवर मुकादम मूठभर आकड्या घेऊन परत आला. जवानानं एक बसवली आणि ठो! गोळी गेली. चहा अजून गरम होता.

कर्नलसाहेबांनी कप हातात घेतला आणि गॉगलवाल्याला म्हणाले, "तुमची बंदूक उत्तम आहे. पण लढाईत दीड महिना कोण थांबणार?" त्या माणसानं गॉगल काढला, बाईंशी हात मिळवला, आणि मग मामांशीही. हात सटकला. दोघंही हसले.

ऑर्डर कारखान्याला मिळाली. बंदूक जड आहे, वजन उतरवा, खांद्याला टेकवायचा दस्ता बदला, अशा दहा कुरबुरी समितीनं सोबत दिल्या, आणि बाई त्या मिठाई मिळाल्यासारख्या घेऊन गेल्या. भोंगा वाजला तेव्हा पाळी सुटायला वेळ होता, पण तो कोणी वाजवला हे मॅनेजरांनी विचारलं नाही. मामांना शेडभर मिरवलं. खांद्यावरून ते दोनदा घसरले, कारण उघड होतं. मॅनेजरसाहेबांनी शिक्षाही दिलीच: आठवडाभर वंगणाला हात लावायचा नाही. मामांना ती शिक्षा फार जड गेली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातून कपबशी निसटली नाही, तेव्हा बायकोनं काळजीनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

फौजी आला तेव्हा त्याच्या गालांवर चांगली बोटभर दाढी होती. येऊन बसला, अर्धा चहा संपवला. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "पोराचा फोन होता. पहिल्या बंदुका त्यांच्याच पलटणीला मिळणार आहेत."

"मग?"

"मग काय. बरी आहे बंदूक." फौजीच्या तोंडून याच्यापुढची पावती कोणाला मिळाली नव्हती. मामांनी चष्मा वर सरकवला, तो घसरला, त्यांनी पुन्हा सरकवला आणि तोंड फिरवून खिशातली डबी उगाच पुसत बसले.

"नुसत्या तुमच्या भरवशावर ती पोराच्या हातात दिली नसती मी," फौजी म्हणाला. "पण तुम्ही खरं सांगितलंत, त्यामुळं आता चाचणीच्या भरवशावर देतोय. ते जास्त बरं." मग त्यानं दाढी खाजवली. "माझा ब्रश?"

"तो... त्या जवानानं ठेवून घेतला. मागायला जीव झाला नाही."

"मग नवा तरी आणून द्या."

"देणार ना. बाजारभर हिंडलो. सगळीकडं विदेशीच ब्रश आहेत."

"चालेल की मला विदेशी!"

"मला नाही चालणार," मामा ताठ बसून म्हणाले. "आपल्याकडं बनलेला चांगला ब्रश मिळाला की देतो."

"भाऊजी, तोवर माझी दाढी गुडघ्याला येईल!"

"तेल देऊ का लावायला?" मामांनी डबी पुढं केली.