पेवावरची धोंड

भीमाबाईनं नवऱ्याचा बळी देऊन जग वाचवलं, असं आमच्या गावात लोक कुजबुजायचे. मोठ्यानं बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण भीमाबाईच्या हाताशी कायम खुरपं असायचं.

गाव श्रीगोंद्यापासून दोन कोसांवर. साल बेचाळीस की त्रेचाळीस, यावर माझ्याशी भांडू नका. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं आणि आमचा बन्सी दर बाजाराला जग बुडवून यायचा. जाताना मिरच्या न्यायचा, येताना एक प्रलय आणायचा. आधी नागपंचमीला शेष डोकं हलवणार होता. त्यानं काही हलवलं नाही. मग पोळ्याला जपानचं विमान धरती फोडणार होतं. बैल मिरवले, पुरण खाऊन गोठ्यात बसले, धरती शाबूत. तेव्हा बन्सीनं सर्वपित्री अमावास्या धरली.

"आता चुकायचं न्हाई. पितरं जेवून उठली की समुद्र चढून येतोय."

तुम्हाला वाटेल गाव घाबरलं. छट्! गाव खुललं. मला आजही चीड येते ती याचीच. जग बुडायचं म्हटलं की माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. कुणी बांध घालीना, कुणी गळकं छप्पर शिवीना, रब्बीच्या रानात कुळव धरायला माणूस मिळेना. सगळे बाप्ये पारावर. शेवटचं गावजेवण करायचं ठरलं, तेही पुरणाचं. घरटी चार पायल्या धान्य द्यायचं आणि कणग्या झाडून रिकाम्या करायच्या. पुरण वाटायला आणि पोळ्या लाटायला अर्थातच बाया. जग बुडतानाही चुलीला सुट्टी नव्हती! मीही जेवलो. पोळी चांगली झाली होती, खोटं कशाला बोलू?

एकट्या भीमाबाईनं दाणा द्यायला नकार दिला. चाळिशीची, उंच, तोंडानं फटकळ बाई. लहानपणीच्या दुष्काळात तिची आई खडी फोडता फोडता गेली होती, पाठोपाठ दोन भाऊ. त्या प्रलयाची तारीख कुणी आधी सांगितली नव्हती. म्हणून तिनं अंगणात पेव राखलं होतं. पुरुषभर खोल खड्डा, आतून शेणामातीनं लिंपलेला, त्यात ज्वारी, तोंडावर धोंड आणि वर माती. दोन पोरींचा आणि म्हाताऱ्या सासूचा पुढच्या दुष्काळातला घास त्यात होता.

बन्सी पारावरनं म्हणाला, "भीमावैनी, ज्वारी काय वर न्यायची हाय व्हय?"

"वर तुमी जा भावजी, मी हितंच हाय. आन् समुद्र येतोय तर येऊ द्या की. विहिरीला तरी पानी लागंल."

पार हसला. बन्सी तेवढा हसला नाही. मग त्यानं तिच्या नवऱ्याला गाठलं. गोरक्षनाथ म्हणजे गरीब गाय. कुणी सुपारी पुढं केली तरी आधी बायकोकडं बघणारा.

"गोरक्षा, तुज्या घरात धोतर कोन नेसतंय रं?"

एवढं एकच वाक्य पुरलं.

बंद पेवात हवा मरते. धोंड काढली की पेव दिवसभर उघडं ठेवायचं, मग आत दिवा सोडायचा आणि दिवा तगला तरच माणूस उतरवायचा. हे गोरक्षाला पाठ होतं. पण दिवसभर थांबायला दिवस होता कुठं? दुसऱ्या दिवशी जग बुडणार होतं!

अमावास्येच्या आदल्या दुपारी भीमाबाई सासूला आणि पोरींना घेऊन रानात गेली होती. दिवस मावळायला परतली, तर पेवावरची माती विस्कटलेली, धोंड मात्र जागच्या जागी. तिनं शेजाऱ्यांना हाका मारून धोंड हटवायला लावली. आत गोरक्ष ज्वारीवर पालथा पडलेला, मुठीत रिकामं पोतं.

पोलीसपाटलानं 'पेवात गुदमरून मयत' असं लिहिलं. सकाळी त्याला जाळला. संध्याकाळी गाव जेवलं. बन्सीनं दोनदा वाढून घेतलं.

प्रतिपदेला सूर्य नेमानं उगवला. लोकांनी बन्सीला धरलं, "काय रं, तुजा समुद्र कुठं अडला?"

"अडला न्हाई, अडवला! आतला मानूस वर धोंड कशी लावंल? बाईनं धरतीला बळी दिला, म्हनून तर आपन हाय."

गावाला हे लाडवासारखं गोड लागलं. त्यात कुणीच मूर्ख ठरत नव्हतं. जग खरोखर बुडणार होतं, जेवण वाया गेलं नव्हतं, आणि पाप एका बाईच्या दारात होतं.

दिवाळीपर्यंत घरातले उरलेसुरले दाणेही संपले. नवी ज्वारी यायला माघ उजाडणार. मग लोक पेवाला नारळ-कुंकू घेऊन यायला लागले, बगलेत रिकामी टोपली. भीमाबाईनं पहिला नारळ आणणाऱ्याच्याच पायावर आपटला.

"बळी म्हनता आन् टोपली पुढं करता? माजा धनी मेलाय ह्या ज्वारीवर. धोंड कुनी वडली, त्याचं नाव सांगा आन् न्या!"

नाव कुणी सांगितलं नाही. बाप्यांना तिनं हाकलून लावलं. लेकुरवाळ्या बायांना मात्र अधोलीनं मापून दिलं, अधोलीगणिक एक शिवी हासडून. बन्सीची बायको बनुबाई आली, तेव्हा शिवी दिली नाही. नुसतं विचारलं, "धोंड कुनी वडली, तुज्या घरात ठावं आसंल न्हवं?"

"न्हाई वं," बनुबाई म्हणाली. तीही दाणे घेऊन गेली.

पुढं भीमाबाई तीस वर्षं जगली. पोरी उजवल्या, सासूचं केलं. गावजेवणाच्या पंगतीला कधी बसली नाही. पारावर कुणी नवा प्रलय आणला की जाता जाता थांबायची आणि म्हणायची, "ह्या खेपेला कुनाच्या घरचं मानूस?" पार तंबाखू मळायला लागायचा. पण पाठीमागं पुन्हा तेच, बळी देणारी बाई.

बन्सी तिच्या आधी मेला. दहावं झालं आणि बनुबाई चार बायांसमक्ष भीमाबाईच्या दारात येऊन बोलली. मरायच्या आधी बन्सीनं तिला सगळं सांगितलं होतं.

त्या दुपारी पेवावर बन्सी होता. गोरक्ष आत उतरला आणि पडला. बन्सीनं तीन हाका मारल्या, उत्तर आलं नाही, तो भ्याला. त्यानं कुणालाही बोलावलं नाही. धोंड ओढून लावली आणि घरी गेला.