झोळीतलं वजन

तुळईला टांगलेला वजनकाटा, त्याखाली लोंबणारी निळी कापडी झोळी आणि झोळीच्या दोन भोकांतून बाहेर आलेले माझे काडीसारखे पाय… ते जमिनीला टेकत नाहीत, खाली उतरवायला कुणी येत नाही आणि समोर उभी असलेली आई माझ्याकडे न पाहता काट्याकडेच पाहते आहे — बालपणाचं चित्र काढायला सांगितलं, तर मी एवढंच काढीन.

आई गोव्यात साखळीजवळच्या एका गावात अंगणवाडीची बाई होती; सावंतवाडीकडून लग्न होऊन आलेली. बाबा लोहखनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. नाचणीचं सत्त्व कसं शिजवावं, मुगात खोबरं किती घालावं, हे ती गावातल्या आयांना जीव ओतून सांगायची, आणि महिन्याच्या वजनाला सगळ्यांत हलकी भरायची ती तिचीच मुलगी. "बाईंचीच पोर बघा," मागून कुणीतरी हळूच म्हणायचं. आईचा चेहरा उतरायचा. मग संध्याकाळी माझं ताट वाढून ती उंबऱ्यातच बसायची. "लोकांक मी शिकवतंय आनि माज्याच घरात ही काडी. खा गो बाये. संपल्याबिगर उठूचा नाय."

उकड्या भाताचा तो मातकट वास, गार होऊन साय धरलेली पेज, तोंडात नुसताच फिरणारा घास… बाहेर पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा दूर दूर जायचा, खेळणाऱ्या मुलांचे आवाज विरायचे आणि दारातल्या उरल्यासुरल्या उजेडात आईची पाठ तेवढी काळी दिसत राहायची. भूक म्हणजे काय ते मला त्या वर्षांत कळलंच नाही. ती लागण्याआधीच ताट यायचं. आई मला फार आवडायची. उंबऱ्यातली आई मात्र नको व्हायची.

सुटकेची वाट रस्त्यावर सापडली. ट्रकमधून सांडलेले खनिजाचे खडे दिसायला एवढेसे, पण हातात घेतले की हात खाली ओढणारे. वजनाच्या दिवशी मी ते फ्रॉकच्या खिशात भरले. काटा सरकला. आई चारचौघींत हसली, आणि मी झोळीत लोंबकळत मनातून चरकले; कारण पुढच्या महिन्यात मला याहून जड व्हायचं होतं.

खडे वाढत गेले. शेवटी एक लिंबाएवढा खडा मिळाला, एका कडेला आरशासारखा चकाकणारा — आणि वजन झाल्यावर तो हरवला. अंगण, गादी, न्हाणी, सगळं पालथं घातलं. फ्रॉक दोरीवर वाळत होता, खिशाशी लालसर डाग; पण त्या धुळीत कुणाच्या कपड्यांवर डाग नव्हते? त्यानंतर आई उंबऱ्यात बसेनाशी झाली. वजन भरलं म्हणून, असं मी समजले.

आता मी पणजीला पोषणशास्त्र शिकते आणि पेडण्यातल्या गावांत मुलांची वजनं घेते. वजन म्हणजे नुसता खाल्लेला घास नव्हे, त्यात विहिरीचं पाणी असतं, धूळ असते, आईच्या कामाचे तास असतात. काही मुलं बापासारखी बारीक असतात आणि तरी निरोगी असतात… हे शेवटचं वाक्य वर्गात ऐकलं, तेव्हा मी ते वहीत दोनदा लिहून घेतलं.

पोटाच्या ऑपरेशननंतर आईचं अन्नावरचं मन उडालं आहे. वजन आणखी उतरलं तर पुन्हा दाखल करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि तिला त्या वॉर्डात परत जायचं नाही. मी रोज मुगाचं कढण घेऊन तिच्यापुढे बसते. "खा गो आये, दोन चमचे." ती घास गालात धरून दाराकडे बघत राहते. उंबऱ्यात मी असते.

गेल्या रविवारी ती काट्यावर उभी राहिली. आकडा वर गेला होता. "वाढलां मगे?" तिनं भिंतीकडे बघत विचारलं. उतरताना मी तिला कमरेला धरलं, तर खोचलेल्या पदरात काहीतरी टणक लागलं.

"वाढलां," मी म्हटलं.

संध्याकाळी तिची साडी धुवायला घेतली. पदराची गाठ सोडायला ती विसरली होती — की विसरली नव्हती, कोण जाणे. आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जायचे थांबून वर्षं लोटली, पण गाठीत लिंबाएवढा खडा होता, एका कडेला अजून चकाकणारा. माझी बोटं लाल झाली, आणि माझा तो फ्रॉक कुणी धुतला होता ते मला इतक्या वर्षांनी आठवलं.

डॉक्टरांना काय सांगायचं, ते अजून ठरत नाही. खडा पुसून मी तिच्या उशाखाली ठेवला, वाटी घेतली आणि उंबरा सोडून तिच्या शेजारी जाऊन बसले.